एरिसमध्ये कुणी गरजू नाही

टोळ आले त्या पहिल्या वर्षी माणसं शेतात गुडघे टेकून देवाची करुणा भाकत बसली. दुसऱ्या वर्षी त्यांनी शिव्या दिल्या. तिसऱ्या वर्षी दुपारचा उजेड पिवळा पडला आणि वरून गारांसारखं टपटप सुरू झालं, तेव्हा फेलिम डर्कन एक शब्द न बोलता गोठ्याकडं गेला आणि पत्रा ओढत बाहेर घेऊन आला.

दहा हात लांबीचा पत्रा, मागची कड वर वळवलेली, अंगभर डांबर फासलेलं. गव्हातून ओढत नेला की उडणारे टोळ त्यावर पडून चिकटायचे. दोन टोकांना दोन दोर. एका दोराला राहिलेला एकुलता एक बैल, कारण जोडीतला दुसरा गेल्या थंडीत मेला होता. दुसऱ्या दोराला फेलिम आणि त्याची बायको विनी. बैल आपल्या चालीनं चालायचा, ही दोघं मागं पडायची, पत्रा तिरका व्हायचा. मग बैलाला थांबवायचं, दम घ्यायचा, पुन्हा ओढायचं. विनीच्या खांद्याची साल निघाली. तिनं फडकं घातलं तर टोळांनी फडकंही कुरतडलं.

चार दिवस त्यांनी ओढलं. खरवडून काढलेल्या टोळांचे ढीग पेटवले, त्याचा वास कपड्यांतून महिनाभर गेला नाही. पण समुद्र काय वाटीनं उपसून संपतो? गहू गेला. कांद्याची पात गेली, मग टोळ मातीत शिरले आणि कांदे पोखरून नुसती भोकं ठेवली. दाताळ्याचा दांडा जिथं हाताचा घाम मुरला होता तिथंच चघळला मेल्यांनी, मिठासाठी. चौथ्या दिवशी खाण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ते आपणहून उठले आणि गेले.

एरिसमध्ये तेरा घरं. मिनेसोटाच्या त्या सपाट गवताळ माळावर तेराही घरं आयर्लंडमधल्या एकाच किनाऱ्यावरची. गावाचं नावही तिकडूनच उचलून आणलेलं. अकरा वर्षांपूर्वी इथं झाड औषधाला नव्हतं. फेलिम चार बिऱ्हाडं घेऊन पूर्वेकडच्या कोळशाच्या खाणीतून इकडं आला तो हातात फावडं आणि खिशात जपमाळ घेऊन. पहिली थंडी जमिनीत खणलेल्या खड्ड्यात काढली, वर गवताची ढेकळं रचून. पुढं माणसं वाढली, गावाला स्वतःचा कारभार मिळाला, टाउनशिप झाली, निवडणूक आली. बर्चफील्डचे जुने अमेरिकन लोक म्हणाले, या बटाटेखाऊंना कारभार काय कळणार. फेलिम गाडीवर चढून उभा राहिला आणि तासभर बोलला. तेव्हापासून तोच चेअरमन. दलदलीवर लाकडं आडवी टाकून बर्चफील्डपर्यंतचा रस्ता त्यानं केला, शाळा त्यानं उभी केली. गावात कुणाची गाय हरवली तरी माणसं आधी त्याच्या दारात यायची. आणि त्याला ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

ऑक्टोबरात बर्चफील्डहून कागद आला. टोळांनी बुडवलेल्या गावांना सरकार हिवाळ्यापुरतं पीठ आणि वसंतात पेरायला गव्हाचं बी देणार होतं. प्रत्येक चेअरमननं आपल्या गावातल्या गरजूंची यादी करायची. रविवारची प्रार्थना झाल्यावर सगळे शाळेत जमले. फेलिमनं कागद वाचून दाखवला. ज्याला मदत हवी त्यानं चेअरमनसमोर शपथ घ्यायची की माझ्याकडं बी नाही, पीठ नाही आणि मिळवायचं काही साधन नाही. खाली सही, नाहीतर फुली. आणि फुलीच्या वर एक ओळ होती, ती वाचताना फेलिमचा आवाज खाली आला. ताब्यात जमीन किती एकर?

म्हातारा डॅन लव्हेल पहिल्या बाकावर होता. तो म्हणाला, "एकर कशाला विचारतात रे?"

"तुला माहीत नाही का?"

"माहीत आहे म्हणून तर विचारतोय."

तिकडं आयर्लंडात बटाटा कुजला त्या वर्षी सरकारनं असाच कागद काढला होता. पाव एकराहून जास्त जमीन असेल त्याला सूप नाही, गरीबखान्यात जागा नाही. आधी जमीन सोड, मग तोंड उघड. फेलिम तेव्हा तेरा वर्षांचा. त्याच्या बापाची पाच एकर होती. बापानं सोमवारी फुली मारली. गुरुवारी जमीनदाराची माणसं आली, त्यांनी आढ्याला दोर बांधला आणि छप्पर खाली पाडलं. आई गरीबखान्याच्या दारातून आत गेली ती पुन्हा दिसली नाही. बाप रस्त्याच्या कडेला तोंडात गवत असलेला सापडला. या शाळेत बसलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याकडं अशी एक फुली होती.

फेलिमनं कागदाची घडी केली. तो म्हणाला, ही जमीन आपल्या नावावर आहे, साहेबाची नाही, कुणाच्या मेहरबानीची नाही. आज एकर लिहून घेतील, उद्या मोजायला येतील. आपण एकमेकांना धरून राहू. बटाटे आहेत थोडे, सलगम आहेत, दलदलीत पाणउंदीर आहेत. निघेल हिवाळा. माना हलल्या. कुणीतरी मागून म्हणालं, चेअरमन बोलला ते बरोबर.

तेवढ्यात नॅपी गॉहन उठली. तिचा नवरा मायकेल दोन वर्षांपूर्वी विहीर खणताना दरड कोसळून गेला होता. पदरी चार पोरं, धाकटी सिबी सहा वर्षांची. बायकांना सभेत मत नव्हतं, पण दाराजवळ बसायला कुणाची ना नव्हती.

"माझं नाव घाल, फेलिम," ती म्हणाली.

"नॅपी, तुझी ऐंशी एकर आहे. मायकेलनं त्यासाठी जीव दिलाय."

"घेतली तर घेऊ देत. जमीन काय पोरांना उकडून घालू?"

दोनतीन माणसं हसली. फेलिम हसला नाही. तो तिच्यापाशी गेला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "माझ्या घरात चूल पेटेल तोवर तुझ्या घरात पेटेल. आमच्या ताटात असेल ते तुझ्या पोरांच्या ताटात."

"शब्द देतोस?"

"दिला."

ती खाली बसली. आता माणूस एवढं भर सभेत बोलल्यावर ती बापडी दुसरं काय करणार?

त्या दिवशी घरी येऊन फेलिमनं कागद पुढ्यात घेतला. त्याचं लिहिणं म्हणजे वीतभर ओळीला घाम फुटायचा. तरी त्यानं एकच ओळ लिहिली. एरिस टाउनशिपमध्ये कुणी गरजू नाही. खाली सही, सहीखाली चेअरमन. आपल्या बापानं जे करायला नको होतं ते आपण केलं नाही, असं त्याला वाटलं. फार दिवसांनी तो गाढ झोपला.

नोव्हेंबरात थंडी पडली. माळावर लाकूड नाही, तेव्हा जळण म्हणजे वाळलेलं गवत. मूठमूठ गवत घ्यायचं, पीळ द्यायचा, दुमडून गाठ मारायची. एक पिळा चुलीत घालून हात मागं घेईपर्यंत जळून जायचा. म्हणून घरातलं एक माणूस सतत पिळतच बसलेलं. विनीच्या आणि थोरल्या मुलीच्या, डेलियाच्या तळव्यांना चिरा पडल्या, त्यांतून रक्त गवताला लागायचं. फेलिम दलदलीत बर्फ फोडून पाणउंदरांचे सापळे लावायचा. कातडं विकायचं, मांस उकडायचं. त्या मांसाला चिखलाचा वास. धाकटी दोघं नाक दाबून गिळायची, पुढं पुढं नाक दाबायचीही राहिली.

शनिवारी तो डबाभर पीठ आणि पाचसहा बटाटे घेऊन नॅपीकडं जायचा. डबा घ्यायला सिबी दारात यायची. दोन्ही हातांनी डबा छातीशी धरायची, आत नेता नेता बोट ओलं करून पिठात बुडवायची आणि चोखायची. फेलिम दुसरीकडं बघायचा.

ख्रिसमसपर्यंत डबा निम्मा झाला. विनी पीठ मोजताना डबा हलवायची, म्हणजे भरलेला दिसावा. एकदा तिनं तो खाली आपटला.

"साऱ्या गावाचा बाप झालास," ती म्हणाली, "घरच्या पोरांचा कधी होणार?"

तिनंच मग डबा उचलला, वर आणखी एक बटाटा ठेवला आणि त्याच्या हातात दिला. विनीची जीभ तिखट, हात तसा नव्हता.

जानेवारीच्या सुरुवातीला तो सापळे बघून परतत होता, तर त्याच्याच रस्त्यावरून बर्फावर चालणारी एक घसरगाडी येताना दिसली. पलीकडच्या टाउनशिपमधला नॉर्वेजियन शेतकरी, टोर्गर मोएन. गाडीवर पोती. टोर्गरनं घोडे थांबवले. दोघांनाही एकमेकांची बोली येत नव्हती, इंग्रजी दोघांचीही मोडकी. टोर्गर म्हणाला, सरकारचं पीठ. बी मार्चमध्ये मिळणार.

"शपथ घेतलीस?" फेलिमनं विचारलं.

"घेतली. सगळ्यांनी घेतली."

"आणि जमीन? एकर लिहिलेस?"

"एकशेसाठ लिहिले. एकराला किती बी लागेल ते बघतात ना. जास्त एकर, जास्त बी." टोर्गर त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. "जमीन कोण घेतंय? अमेरिका आहे ही."

त्यानं कोटातून पावतीचा कागद काढून दाखवला. फेलिमनं तो दोनदा वाचला. जास्त एकर, जास्त बी. एवढंच होतं. त्यानं गाडीच्या कडेला हात टेकला. टोर्गरनं एक पोतं पुढं सरकवलं, घे म्हणाला, वसंतात परत दे. फेलिमनं मान हलवली.

"आमच्याकडं आहे," तो म्हणाला.

त्याच्या दुसऱ्या हातात सोललेले दोन पाणउंदीर लोंबत होते. टोर्गरनं ते बघितले आणि घोडे हाकले.

फेलिमनं विनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग बसलास काय, जा. चूक झाली म्हणायचं, नावं घालायची. तेरा घरं म्हणजे तेरा ओळी. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो निघाला. बर्चफील्ड एकवीस मैल. बैलाला चारा नव्हता म्हणून पायीच गेला, मागं हातानं ओढायची रिकामी घसरगाडी, येताना पोती घालायला. वाटेत एका जर्मनाच्या गोठ्यात रात्र काढली. चालता चालता तो इंग्रजीत वाक्य जुळवत होता. साहेब, मी कागद चुकीचा वाचला. साहेब, आमची माणसं उपाशी आहेत. दुसरं वाक्य म्हणताना त्याची जीभ दर वेळी अडखळायची.

कचेरीत शेगडी फुरफुरत होती. आत कारकून आणि आणखी तिघं माणसं, चांगल्या कोटातली. फेलिमनं दारातच टोपी काढली. नाव सांगितल्यावर कारकून खुर्चीतून उठला. अकरा वर्षांत या कचेरीत त्याच्यासाठी कुणी उठलं नव्हतं.

"एरिसचे डर्कन? अहो, या, या. हेच ते," कारकून इतरांना म्हणाला आणि त्यानं भिंतीवरच्या फलकावर टाचलेला वर्तमानपत्राचा कागद दाखवला. फेलिमची ती एक ओळ तिथं छापली होती. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की अख्खा जिल्हा हात पसरत असताना एरिसच्या आयरिश शेतकऱ्यांनी भीक नाकारली. खाली लिहिलं होतं की असे नागरिक या देशाला हवेत.

तिघांनी आळीपाळीनं त्याचा हात हातात घेतला. त्यांतला एक पिठाच्या गिरणीचा मालक होता. तो म्हणाला, तुमच्या लोकांबद्दल आमचं मत वेगळं होतं, कबूल करतो. जिल्हा मंडळावर एक जागा रिकामी होतेय. नोव्हेंबरात उभे राहा, आम्ही मागं आहोत.

फेलिमनं तोंड उघडलं. कारकून यादीची वही चाळत म्हणाला, "यादी शनिवारपर्यंत उघडी आहे. अजून येताहेत लोक, रडताहेत. काय करणार. बरं, तुम्ही कशासाठी आलात?"

ते वाक्य त्याच्या घशापर्यंत आलं होतं. एकवीस मैल ते त्यानं तोंडात घोळवलं होतं. बाहेर त्याची रिकामी घसरगाडी उभी होती, खिडकीतून तिचं टोक दिसत होतं. चार माणसं त्याच्याकडं बघत होती, आणि बटाटेखाऊ म्हणून नव्हती बघत.

"रस्त्याबद्दल आलो होतो," फेलिम म्हणाला. "पुलाला फळ्या हव्यात."

फळ्या लगेच मंजूर झाल्या, हाती मात्र वसंतात पडणार होत्या. कारकुनानं त्याला वर्तमानपत्राचा एक अंक भेट दिला, आणि फळ्यांसाठी गाडी आणलीत वाटतं, मोठे तयारीचे गृहस्थ, असं म्हणून हसला.

घरी आला तेव्हा विनी दारात उभी होती. तिनं रिकाम्या गाडीकडं बघितलं.

"यादी बंद झाली," तो म्हणाला.

तो अंक मात्र लपला नाही. डॅन लव्हेल दुसऱ्याच दिवशी आला, त्यानं तो दोन वेळा वाचून घेतला आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. साठ वर्षांत आपल्याबद्दल कुणी चांगलं छापलं नव्हतं म्हणाला. अंक घरोघर फिरला. पोटात कावळे ओरडत होते, पण माणसं तो कागद हातात घेऊन ताठ बसायची. शेवटी तो शाळेच्या भिंतीवर टाचला. शनिवार आला आणि गेला. शनिवार म्हणजे काय हे गावात एकट्या फेलिमला ठाऊक होतं.

जानेवारीच्या अखेरीस वादळ सुरू झालं. नऊ दिवस बर्फ आडवा पडत होता, दारातून गोठा दिसत नव्हता. गोठ्यापर्यंत दोर बांधून जावं लागायचं. नॅपीचं घर अर्ध्या मैलावर, पण ते अर्धं मैल चंद्राइतकं लांब होतं. मधे एक दिवस दुपारी दोन तास उघाड पडली होती, हेही सांगायला हवं. फेलिम बूट घालून उभा राहिला. विनीनं डबा उघडून दाखवला. तळाला चार चमचे असतील. एवढंसं घेऊन त्या दारात जायचं आणि सिबीच्या हातात द्यायचं, हे त्याच्यानं झालं नाही. उद्या ससा मिळाला तर जाऊ म्हणाला आणि बूट काढले. उद्या वादळ पुन्हा सुरू झालं.

दहाव्या दिवशी नॅपीचा थोरला बर्फातून आला आणि म्हणाला, सिबी उठत नाही.

तिला ताप होता चार दिवस. त्याआधीच तिचे दात हलत होते, हिरड्या काळ्या पडल्या होत्या. फेलिम गेला तेव्हा ती अंथरुणात होती. एवढीशी, गवताच्या दोन पिळ्यांएवढी. नॅपी चुलीपाशी बसून गवत पिळत होती. हात थांबला नव्हता. तिनं मान वर केली आणि एकच विचारलं.

"पीठ आणलंस?"

तिघं उरली होती ना तिला. त्यांच्यासाठी विचारत होती. फेलिमनं आणलेले चार चमचे तिच्यापुढं ठेवले. तिनं तेही घेतले.

त्यानं गाडीच्या बाजूची फळी काढली आणि नॅपीच्या गोठ्यात सिबीसाठी शवपेटी करायला बसला. रंधा मारताना बोटं बधिर होत होती, ती काखेत धरून ऊब घ्यायचा आणि पुन्हा रंधा धरायचा. जमीन दगडासारखी गोठलेली, कुदळ लावली तर ठिणगी उडायची. पुरता येईना. पेटी गोठ्यातच माळ्यावर ठेवली, बर्फ वितळेपर्यंत. नॅपी गाय पिळायला जायची तेव्हा ती पेटी डोक्यावर असायची. गायीला दूध मुळी नव्हतंच, तरी ती रोज जायची.

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी वार्षिक सभा. चेअरमनची निवड त्याच दिवशी. सकाळी फेलिमनं दाढी केली आणि विनीला सांगून टाकलं, की यादी उघडी होती. तीन दिवस उघडी होती. मी बोललो नाही.

विनी गवत पिळत होती. हातातल्या पिळ्याला तिनं गाठ मारली.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "यादी बंद झाली म्हणालास तेव्हा तू माझ्याकडं बघितलं नव्हतंस."

"आज सभेत सांगणार आहे."

"सांग. पण सांगून तुझं ओझं उतरवायचं असेल तर नको सांगू. ते ओझं घेणार कोण, इथं कुणाच्या अंगात बळ उरलंय?"

शाळेत बाक भरले होते. माणसांचे कोट अंगावर लोंबत होते, जणू थोरल्या भावाचे मागून आणलेले. भिंतीवर तो छापील कागद होता. दाराजवळ नॅपी शाल गुंडाळून उभी होती. फेलिमनं सभा उघडली आणि म्हणाला, निवडीआधी मला बोलायचंय.

तो बोलला. एकर कशासाठी विचारले होते ते सांगितलं. टोर्गरची पावती सांगितली. डॅन लव्हेल खोकला.

"खाली बस, फेलिम," तो म्हणाला. "नॉर्वेजियन काहीही सांगेल."

"मी कागद बघितला डॅन, माझ्या डोळ्यांनी."

"आज नाही घेतली, उद्या घेतील. आम्ही तिकडं बघितलंय. तूही बघितलंयस."

"आणखी आहे," फेलिम म्हणाला. मग त्यानं कचेरीतलं सांगितलं. शनिवारचं सांगितलं. रस्त्याबद्दल आलो होतो हे त्याचं वाक्य त्यानं जसंच्या तसं सांगितलं. सांगून झाल्यावर त्याला वाटलं, आता कुणीतरी उठेल, त्याच्या तोंडात मारेल. कुणीतरी मारावंच असं त्याला फार वाटत होतं.

कुणी उठलं नाही. माणसं भिंतीवरच्या त्या कागदाकडं बघत होती, नाहीतर आपल्या हातांकडं. डॅन सावकाश उभा राहिला. त्याची नात त्या थंडीत उपासमारीनं आंधळी झाली होती.

"तिथं मी असतो तरी हेच बोललो असतो," तो म्हणाला. "कोटवाल्यांसमोर कोण म्हणेल आम्ही उपाशी आहोत? आपण सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं होतं. आता तू म्हणतोस ते उगाचच होतं. मग आम्ही एवढं सोसलं ते कशासाठी? ते आमच्याकडून काढून घेऊ नकोस." मग तो सभेकडं वळला. "मी चेअरमनपदासाठी फेलिम डर्कनचं नाव सुचवतो."

अनुमोदन लगेच आलं. हात वर झाले. फेलिमला ते मोजावे लागले, कारण चेअरमननंच मोजायचे असा नियम. सतरा. विरोधात एकही नाही.

तेव्हा नॅपी दारातून पुढं आली.

"माझा हात मतात धरत नाहीत, ठाऊक आहे," ती म्हणाली. "मला कुणाला शिक्षा नकोय. जमीन मी सोडतेय, बर्चफील्डला धुणीभांडी करीन. फक्त तुमच्या वहीत एक ओळ लिहा. सिबी गॉहन, वय सहा, उपासानं गेली. रस्ता लिहिता, पूल लिहिता, तसंच हे लिहा. त्या कागदावर तर आहे की इथं कुणी गरजू नाही."

वही शाळामास्तरांकडं होती. त्यांनी फेलिमकडं बघितलं. वहीत उतरवायचं तर ठराव हवा, ठरावाला सूचक हवा, अनुमोदक हवा. हे फेलिमनंच त्यांना शिकवलं होतं, हाणामाऱ्या थांबाव्यात म्हणून.

"सूचक कोण?" फेलिमनं विचारलं.

कुणी पुढं येईना. खुर्चीत बसून चेअरमनला ठराव सुचवता येत नसे. तो खुर्चीवरून उठला, खाली उतरला आणि बाकांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

"मी," तो म्हणाला. "मी सुचवतो. अनुमोदन कोण देतं?"

तो एकेकाकडं बघत गेला. डॅन लव्हेल डोळे मिटून जपमाळेचे मणी ओढत होता. ज्या माणसांनी आत्ता त्याच्यासाठी हात वर केले होते त्यांचे हात मांड्यांवर पडून होते, चिरा पडलेले, काळे. कुणाला राग नव्हता त्याचा. नुसतं तेवढं एक होणार नव्हतं त्यांच्याकडून.

नॅपीनं थोडा वेळ वाट बघितली. मग शाल डोक्यावरून घेतली आणि बाहेर जाऊन तिनं दार हळूच लावलं, आत थंडी येऊ नये म्हणून.

"अनुमोदक नाही," मास्तर म्हणाले. "ठराव बारगळला. वहीत काही लिहायचं नाही." आणि मग हलक्या आवाजात, "चेअरमन, पुढचा विषय."

फेलिम खुर्चीवर जाऊन बसला. पुढचा विषय पुलाच्या फळ्यांचा होता. त्यानं तो घेतला.